टोपीशिवायचा सलाम

डहाणू रोड स्टेशनाबाहेर एका माणसाने मला कडक सलाम ठोकला आणि मी तो परत केला. चूक एवढीच. मी नुसतं हसलो असतो, "अहो, कशाला" म्हणालो असतो, किंवा मुकाट्याने बॅग त्याच्या हातात दिली असती, तर पुढचं काही झालंच नसतं. पण हात वर गेला आणि कपाळाला लागला. जाता जाता कोपर शेजारून चाललेल्या बाईच्या टोपलीवर आपटलं. ती काय म्हणाली ते कळलं नाही, कारण ती गुजरातीत म्हणाली. सूर मात्र समजला.

हात वर गेला तो अंगावरच्या कपड्यांमुळे. साताऱ्याला फुटपाथवर मी हिरव्या-तपकिरी डागांची पँट आणि तसलंच जाकीट घेतलं होतं, फौजी लोक घालतात तसलं. घेतलं ते खिशांसाठी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला प्रवासात फार गोष्टी जवळ लागतात: चष्मा, तो हरवला तर दुसरा चष्मा, गोळ्या, सुपारी, पंचा. जाकिटाच्या छातीवर एक गरुड शिवलेला होता. त्याची चोच पोपटाची आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"हे घालून जाणार?" बायकोने विचारलं.

"खिसे बघ किती आहेत."

"खिसे बघितले. पोट पण बघतेय."

आमच्या गावात दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी फौजेत असतं. वर्दी ही आमच्याकडे दोरीवर वाळत घालायची गोष्ट. एका बाजूला लुगडं, दुसऱ्या बाजूला टॉवेल, मधे वर्दी. गल्लीत "मेजर" अशी हाक मारली की तिघं वळून बघतात, आणि तिघांतला एकही मेजर नसतो. मीही तरुणपणी भरतीला गेलो होतो. छाती फुगवायला सांगितली तर पोट फुगलं. मोजणारा हवालदार म्हणाला, "तू मास्तर हो." झालो. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कुणी सलाम ठोकला आणि माझा हात माझ्या आधी उठला, तर त्याला मी एकटा किती जबाबदार?

घोलवड

सलाम ठोकणाऱ्याचं नाव लहानू. माझा कॉलेजचा मित्र कमलाकर राऊत घोलवडला चिकूची वाडी करतो, आणि लहानू त्याचा टेम्पो चालवतो. कमलाकरने त्याला सांगितलं होतं, "सातारचे पाहुणे येतील, घेऊन ये." पाहुणे कसले ते सांगितलं नव्हतं. ते माझ्या कपड्यांनी सांगितलं.

टेम्पोत चिकूच्या रिकाम्या खोक्यांचा गोडसर वास भरून राहिला होता. डाव्या हाताला सुरूची झाडं, त्यांच्या फटींतून समुद्र, आणि मधूनच बांबूंवर ओळीने वाळत घातलेले बोंबील. आमच्याकडे दोरीवर वर्दी, इथे बोंबील, असं मी मनात म्हणतोय तोवर लहानू म्हणाला, "साहेब, सुट्टीवर?"

"हो." निवृत्त माणूस कायमच सुट्टीवर असतो. खोटं नव्हतं.

"मोठे साहेब असणार तुमी."

"कशावरून?"

"पोटावरून. बारीक लोकं बंदूक घेऊन पळतात. मोठे साहेब गाडीत बसतात."

त्या पोटाला आजवर इतक्या आदराने कुणी वागवलं नव्हतं. बोर्डीकडे जाणाऱ्या फाट्यावर गाडी हळू करत तो म्हणाला, "माझा पोरगा पण होता, साहेब. फौजमध्ये. ट्रेनिंगला."

"होता म्हणजे?"

"गुडघा मोडला. शेवटीशेवटीच. डाक्टर लोकांनी नापास करून घरी पाठवला. आता बसून असतो. गावात जात नाय, तलासरीला जात नाय. कोण फौजी बोलला तर आत जाऊन झोपतो." त्याने माझ्याकडे न बघता गियर बदलला. "माझं नाय ऐकत. पण तुमच्यासारखा साहेब एकदा बोलला ना, तू हरलेला नाय म्हणून, तर ऐकेल. दुसऱ्या कोणाच्या बोलण्याला वजन नाय."

या ठिकाणी मी सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू."

कमलाकरला हे सांगितलं तर तो पडवीत बसून रडेपर्यंत हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "हसायचं नाहीये हे. जयवंत त्याचा एकुलता एक. तो ट्रेनिंग संपल्यावरची कसम परेड करून येणार म्हणून लहानूने तलासरी नाक्यापासून मिरवणूक ठरवली होती. तारपावाले सांगितले, डीजे सांगितला. वर्दी घालून पोरगा उघड्या गाडीत उभा राहणार होता. शेवटी आला तो साध्या शर्टात, काठी टेकत, संध्याकाळच्या एसटीने. लहानूने लोकांना सांगितलं, सुट्टीवर आलाय. किती दिवस सुट्टी चालणार?"

"मग मी काय करू?"

"आधी ते जाकीट काढ. आणि त्याला खरं सांग."

"सांगतो," मी म्हटलं, आणि जेवायला बसलो.

वहिनींनी उकडहंडी केली होती. मातीच्या हंडीत कंद, शेंगा, रताळी, वांगी भरून मंद आचेवर शिजवलेली. आमच्याकडे वांगं म्हटलं की तिखटाने भरून तेलात लोळवायचं. इथे सगळ्या भाज्या आपापल्या वाफेत शांतपणे शिजतात आणि कुणी कुणावर कुरघोडी करत नाही. मी तीनदा घेतली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मोठे साहेब आहात, जपून खा." म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत बातमी गेली होती.

दुपारी वाडीत फिरलो. चिकू काढणारे दोघंतिघं टोकाला जाळी लावलेले बांबू घेऊन फांद्यांत हात फिरवावा तसे फिरवत होते. त्यांतल्या एकाने माझ्यासारखाच डागांचा टी-शर्ट घातला होता, तोही बहुतेक माझ्यासारख्याच दुकानातला. त्याला कुणी सलाम करत नव्हतं. तो काम करत होता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लहानूला खरं सांगायला अंगणात आलो. तो केसांना तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. टेम्पो धुतलेला होता. पुढच्या काचेवर झेंडूची माळ. "घरी सांगितलंय, साहेब. बाई सकाळपासून सारवतेय," तो म्हणाला. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कमलाकर मागून हळूच म्हणाला, "तोफेच्या तोंडी जा आता." जाकीट अंगावरच होतं. लहानूचं बोलणं साहेबाशी झालं होतं. दुसऱ्या कपड्यांत मी कोण म्हणून जाणार?

उधवा

तलासरीला हायवे ओलांडताना दोन राज्यं एकमेकांत मिसळलेली दिसतात. ट्रकच्या मागे गुजराती, टपरीवर मराठी, टपरीवाल्याच्या तोंडात दोन्ही आणि शिव्या हिंदीत. तिथून लहानूच्या गावच्या, उधव्याच्या रस्त्याला लागलं की आवाज एकदम खाली बसतो. कापलेली भातखाचरं, मधूनच ताडाची उंच झाडं, लांबवर डोंगराची निळी कड.

लहानूचं घर कुडाच्या भिंतींचं, वर कौलं. अंगण इतकं ताजं सारवलेलं की पाऊल टाकायला भीती वाटावी. लहानूची बायको दारात उभी होती. पडवीत एक पोरगा बांबूच्या पट्ट्या काढत बसला होता. केस बारीक कापलेले, गुडघ्यावर लांब व्रण. हाच जयवंत. मला बघताच तो उठला, अर्ध्यात दुखल्यासारखं थांबला, मग सरळ उभा राहिला. हात मांडीला चिकटवले. सलाम केला नाही.

मी घसा साफ केला. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. "जवान," मी म्हणालो, "जय-पराजय हे..."

"कुठली युनिट, सर?"

हा प्रश्न मी जुळवला नव्हता. "सातारा," मी म्हणालो.

त्याने मान थोडी कलती केली. "सातारा नावाची युनिट?"

"तिकडची."

त्याची नजर माझ्या पांढऱ्या बुटांवर गेली. तिथून चढत चढत छातीवर आली आणि गरुडापाशी थांबली. बराच वेळ थांबली. त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "सर, हा कोणता पक्षी?"

मी पहिल्यांदाच खाली नीट बघितलं. "पोपट वाटतोय," मी म्हणालो.

जयवंत हसला. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग पडवीचा खांब धरून. त्याची आई दारातून दोन पावलं पुढे आली आणि तोंडाला पदर लावून त्याच्याकडे बघत राहिली. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

पण लहानू माझ्याकडे बघत होता. "म्हणजे साहेब नाय तुमी?"

"नाही. मास्तर आहे. तोही निवृत्त."

"मग सलाम का घेतला?"

त्याचा इस्त्रीचा शर्ट, ती झेंडूची माळ, ते सारवलेलं अंगण, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. लहानू खाली बघून म्हणाला, "मी गावात सांगून आलो." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

जयवंतचं हसू थांबलं. त्याने बापाचं तोंड बघितलं. मग माझ्याकडे वळला आणि त्या अंगणात असा आवाज निघाला की कोंबड्या उडून कुडावर बसल्या. "सावधान!"

मी सावधान झालो. मास्तरकीची सगळी वर्षं मी दुसऱ्यांना सावधान करत आलो होतो. स्वतः होताना कळलं की पोट आत घ्यायला जागाच नसते.

"डोक्यावर टोपी नाय आणि सलाम घेतो? टोपीशिवाय सलाम नसतो, माहीत आहे? दाहिने मुड़! दाहिने कुठे असतो, मास्तर? तेज चल!"

मी अंगणाला चकरा मारू लागलो. ओल्या शेणावर पाय सरकत होते. तिसऱ्या की चौथ्या चकरेला कुंपणापलीकडे माणसं जमली. "फौजीच्या घरी साहेब आलाय" हे ऐकून ती आली होती, आणि साहेब घामाघूम होऊन कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालत होता. "हात खांद्यापर्यंत! थम!" मी थमलो, बूट थमले नाहीत. मी सारवणावर बसलो. लहानूने तोंड फिरवलं. पाठ हलत होती त्याची. तो हसत होता हे मला थोड्या वेळाने समजलं.

"आता कपडे काढा," जयवंत म्हणाला.

"सगळे?"

"वर्दीसारखे दिसतात ते. पोलिसांनी पकडलं तर आमचं नाव नका घेऊ."

मला लहानूचा शर्ट मिळाला, त्याचं एकही बटण लागेना, आणि एक लुंगी. जयवंतच्या आईने माझी पँट हातात घेऊन ताणून बघितली. "कपडा जाड आहे. गोधडीला देता?" तिने विचारलं. जयवंत म्हणाला, "पक्षी काप आधी."

जेवायला तांदळाची भाकरी, वालाची भाजी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी आजारी माणसाच्या जेवणासारखी वाटते, पण जवळ्याच्या चटणीने तो गैरसमज पहिल्या घासाला दूर केला. डोळ्यांत पाणी आलं. लहानूने तांब्या पुढे सरकवला. "साहेबाला तिखट लागलं," म्हणाला. पण आता त्या 'साहेबा'त चेष्टा होती. म्हणजे मी थोडाफार माफ झालो होतो.

हात धुतल्यावर मी जयवंतला विचारलं, "तुझी वर्दी आहे अजून?"

"पेटीत आहे. दाखवणार नाय."

"मी काढते उन्हात," आई आतून म्हणाली. "हा झोपला की. नायतर बुरशी धरेल."

जयवंतने मान वळवून आत बघितलं. हे त्याला माहीत नसावं. तो म्हणाला, "परेड झाली असती तर तोच कपडा घालून नाक्यावरून आलो असतो. बाप नाचला असता. गुडघा मोडला म्हणून कपडा बदलत नाय ना, तोच आहे. पण आता घातला तर चोरल्यासारखा वाटतो."

माझ्याजवळ खरी गोष्ट एकच होती, ती मी सांगितली. माझे एक चुलते एकाहत्तरच्या लढाईत होते. शरण आलेल्या सैनिकांच्या छावणीवर त्यांचा पहारा होता. ते सांगायचे, "आमचे कपडे चिखलाने भरलेले, कुणाच्या पँटीला गुडघा नाही, कुणाच्या बुटाला तळ नाही. आणि समोरचे हरलेले, पण त्यांच्यातला एक म्हातारा सुभेदार रोज सकाळी वर्दीला पाणी मारून, हाताने घड्या दाबून, बटणं लावून उभा राहायचा. खांद्यावरच्या फिती काढून घेतल्या होत्या, तिथला कापडाचा रंग गडद राहिला होता. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, जिंकलेले तेच." चुलत्यांनी त्याला एकदा विचारलं होतं, आता कुणासाठी? तो म्हणाला होता, सवय आहे.

जयवंतने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते लढून हरले, मास्तर. मी खड्ड्यात पडलो."

भूगोल शिकवणाऱ्याने खड्ड्याबद्दल काय बोलावं?

कुंपणाशी जमलेली माणसं पांगली होती. एक मुलगी मात्र अजून उभी होती. अंगावर ट्रॅक सूट, पायात झिजलेले बूट. ही शेजारची मनीषा. ती आणि तलासरीची काही पोरं-पोरी रोज सकाळी मैदानावर भरतीसाठी पळतात. शिकवायला कुणी नाही. एकमेकांच्या मोबाइलवर बघून शिकतात. जयवंतला तिने कितीदा तरी विचारलं होतं, हे नंतर लहानूने सांगितलं.

"दादा, आम्हाला नाय शिकवत," ती कुंपणावरून म्हणाली, "आणि ह्या काकांना शिकवतो होय?"

"लंगडा माणूस पळायला काय शिकवणार?"

"मग आत्ता काय करत होतास? त्यांना पळवलंस ना? बसल्या जागेवरून?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? त्यांना पळता येत होतं का?"

मी इथे काही बोलणार होतो, पण कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. लहानू हातातल्या तांब्याकडे बघत होता. एरवी मुलाला सतत समजावणारा बाप त्या वेळी एक शब्द बोलला नाही, आणि मला वाटतं त्या दिवशी सगळ्यांत अवघड काम त्याने केलं.

जयवंतने बांबूची पट्टी उचलली, सुरीने थोडी तासली, खाली ठेवली. "येतो उद्या," तो म्हणाला. "बघायला. पण हा मास्तर पण पळणार. मी एकटा नाय हसं करून घेणार."

तलासरी

मैदानाला गवत कमी आणि खडी जास्त. हिवाळ्याचं धुकं अजून जमिनीवर रेंगाळत होतं आणि त्यामागून हायवेवरच्या ट्रकांची घरघर येत होती. मी कमलाकरच्या पायजम्यात होतो. पायजम्याची नाडी वहिनींनी दोनदा तपासून दिली होती. "इज्जत घोलवडची आहे," म्हणाल्या.

लहानूच्या टेम्पोत मागे चिकूची खोकी भरलेली होती, माल पोचवायला उशीर होत होता. तरी त्याने गाडी मैदानाच्या कडेला लावली आणि खाली उतरलाच नाही. आत बसून काचेतून बघत राहिला. मला वाटतं, खाली उतरलं तर पोरगा बिचकेल अशी त्याला भीती होती.

जयवंत आमच्याआधीच मनीषाच्या भावाच्या मोटरसायकलवर आला होता. वर्दी नव्हती. पांढरी बनियन, हाफ पँट, आणि पायात ट्रेनिंगचे तपकिरी कॅनव्हासचे बूट. नाड्या मात्र एकसारख्या बांधलेल्या. गळ्यात शिट्टी, ती त्याला कुणीतरी तिथेच आणून दिली होती. पोरं आधी कुजबुजली. एक जण म्हणाला, "फौजी आला रे." मी लहानूच्या गाडीकडे बघितलं. जयवंत एक क्षण थांबला. मग म्हणाला, "फौजी नाय. उस्ताद बोला. लाइनमध्ये!"

लाइन झाली. मी टोकाला उभा राहिलो, कमी दिसावं म्हणून. त्याने मला मधे ओढलं.

त्या सकाळी त्याने कुणाचे हात कुठे जातात, कोण टाचेवर पडतो, कोण सुरुवातीलाच दम संपवतो, हे लंगडत लंगडत शेजारून चालून दाखवलं. मनीषाला म्हणाला, "तू खांदे उचलून पळतेस, घागर आहे का डोक्यावर?" ती म्हणाली, "असते ना रोज." दोघंही हसले. शिट्टी वाजली की मागे ट्रकचा हॉर्न वाजायचा, आणि तरी ते सगळं जमून येत होतं. उगवत्या उन्हात त्या साध्या बनियनमध्ये तो पोरगा उंच दिसायला लागला होता.

शेवटी पूर्ण मैदानाच्या चार फेऱ्या. शिट्टी वाजली. पहिल्या फेरीत मी सगळ्यांच्या मागे होतो. दुसऱ्या फेरीत पुढची पोरं मला मागून गाठून पुन्हा पुढे गेली, त्यामुळे थोडा वेळ मी घोळक्यात पळतोय असा देखावा झाला. कडेला बसलेलं कुत्रं माझ्याबरोबर निघालं, कंटाळलं, आणि परत जाऊन बसलं. मी पोचलो तेव्हा बाकीचे पाणी पिऊन, श्वास सरळ करून, माझी वाट बघत उभे होते. लहानू गाडीतून उतरला होता.

मी गुडघ्यांवर हात टेकून वाकलो. जयवंत वेळ बघत नव्हता. बघण्यात अर्थ नव्हता. "उद्या निघणार तुम्ही?" त्याने विचारलं.

"हो," मी कसाबसा म्हणालो.

तेवढ्यात मनीषा पुढे आली. मला वाटलं, पाणी देतेय. ती माझ्यावरून जयवंतकडे बघून म्हणाली, "उस्ताद, ह्या काकांना जाऊ नका देऊ. हे असले ना, की आमच्यातला कोणीच शेवटचा येत नाय."